दहा मोहरम, सव्वीस मोहरम

सीमाभागातल्या माणसाला एक खोड असते. परगावी उतरला की तो आधी पाट्या वाचतो. दुकानावर भाषा कोणती, बसच्या कपाळावर काय लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. आमच्या भालकी-बीदरकडचे पोर तर कन्नड पाटी वाचते आणि घरी येऊन मराठीत सांगते. त्यामुळे नागपूरहून सावनेरमार्गे मध्यप्रदेशात शिरताना माझे डोळे आपोआप खिडकीबाहेर गेले. लिपी तीच राहिली, पण ‘स्वागत आहे’चे ‘स्वागत है’ झाले, एवढाच काय तो फरक. बसमधली बोली मात्र तसूभरही बदलली नाही. “सरकून बसा न जी,” असे एका बाईने मला हद्दीच्या अलीकडे म्हटले होते. पलीकडे गेल्यावर दुसऱ्या बाईने तेच म्हटले.

सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी मुलूख आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा पट्टा मध्यप्रदेशात राहिला. त्याच साली आमचा बीदर जिल्हा हैदराबादमधून म्हैसूर राज्यात आला. म्हणजे आम्ही एका वर्षाचे सोबती. पुढे २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सरकारी अर्ज हिंदीत, शेतातली आणि चुलीजवळची भाषा मराठी, आणि बाजारात दोन्ही. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या घरात हिंदीच्या जागी कन्नड आहे, इतकेच.

मी गेलो तो जुलै महिना होता, साल २०२५. संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी हिरवी होती आणि मधल्या काळ्या रानात कपाशी वर आली होती. माझी भाची पांढुर्ण्याला दिली आहे. तिच्या सासरची बाग सौंसरच्या बाजूला आहे. बरेच दिवस ती “मामा, एकदा या” म्हणत होती. या वेळी तिने फोनवर एक प्रश्नही विचारला होता आणि त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते.

पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या माणसाला गोटमार आठवते. जावईबापूंनी मला पहिल्याच संध्याकाळी जाम नदीवर नेले. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात जातो. सांगतात ते असे, की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला होता. नदीच्या मधोमध दोघे गाठले गेले, दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही तिथेच गेले. त्यांची आठवण म्हणून ही गोटमार. दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. दगड थांबले पाहिजेत यात मला शंका नाही, आणि गावातल्या अनेकांनाही नाही. पण पाण्याकडे बघताना मनात आले ते वेगळेच. लग्नाला निघालेली दोन माणसे मरतात आणि गाव त्या मरणाची दरवर्षी जत्रा भरवते. शोक आणि उत्सव यांची अशी गाठ आपल्याकडेही आहे, आणि भाचीचा प्रश्न नेमका त्या गाठीचाच होता.

प्रश्न सांगण्याआधी थोडी घरची हकिकत सांगतो. लग्नानंतर पाच वर्षे भाचीला मूल नव्हते. माझ्या बहिणीने आमच्या गावच्या पिराला नवस बोलला. मुलगा झाला तर सात मोहरम त्याला फकीर करीन, असा तो नवस होता. ही रीत आपल्या भागात घरोघरी ठाऊक आहे. मोहरमात पंजे बसतात, अलाव्याचा खड्डा खणतात. कन्नड शेजारी त्यालाच अलाय देवरु म्हणतात आणि रात्री रिवायत पदे गातात. नवसाच्या पोराच्या गळ्यात दोरा घालतात, ते पाच घरी फकिरी मागते, घरात चोंगे आणि मलिदा होतो. यात लिंगायत, मराठा, धनगर सगळेच असतात. मुलगा झाला. सहा मोहरम भाची त्याला घेऊन माहेरी आली. सातव्या वर्षी शाळेमुळे येणे जमेना, म्हणून तिने पांढुर्ण्यातच त्याच्या गळ्यात दोरा घातला आणि चोंगे केले.

आणि मग घरात चर्चा सुरू झाली. तिच्या सासूबाई गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, आळंदी-पंढरीच्या. त्यांचा राग नव्हता, पण “हे आपलं कसं काय?” असे त्यांनी विचारले. शेजारच्या शिक्षिकाबाई मुसलमान. त्या प्रेमाने म्हणाल्या, “हे तर शियांचं. आम्ही सुन्नी, आमच्या घरात असं करत नाहीत. आम्ही ताजबागला जातो, उर्साला.” म्हणजे हिंदूंना ते मुसलमानांचे वाटले, आणि शेजारच्या मुसलमानाला ते आपले वाटेना. त्यात पोराने भर घातली. हुसेन मेले ते सांगून झाल्यावर तो आईला म्हणाला, “मग रडायचं की चोंगे खायचे?” भाचीचा प्रश्न असा, “मामा, ही रीत नेमकी कोणाची? माझा सातवा मोहरम धरायचा की नाही?” तिकडे भालकीला बहिणीचा जीव टांगणीला. नवस अर्धा राहिला तर, ही तिची भीती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गाडी करून निघालो. आधी सौंसरजवळ जामसावळी. इथला मारुती निजलेला आहे. मन हरवलेल्या माणसांना घेऊन नातेवाईक इथे येतात आणि दिवसेंदिवस राहतात. तिथून सावनेरच्या पुढे कन्हान नदीकाठचे वाकी. इथेही तशीच माणसे आणतात, पण ती ताजुद्दीनबाबांच्या भरवशावर.

ताजुद्दीनबाबांची गोष्ट नागपूर भागात कोणीही सांगते. १८६१ साली कामठीत जन्म, तरुणपणी फौजेत नोकरी. सागरला असताना ते रात्री-रात्री एका चिश्ती दर्ग्यात बसत. मग नोकरी सुटली, देहभान सुटले. १८९२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले. लोक तिथेही दर्शनाला जाऊ लागले. सोळा वर्षांनी, १९०८ मध्ये, नागपूरकर भोसल्यांपैकी रघुजीराजांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेले. पुढे बाबा काही वर्षे वाकीला राहिले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. हिजरी तारीख होती २६ मोहरम. म्हणून नागपूरच्या ताजबागेत त्यांचा उर्स दरवर्षी २६ मोहरमला असतो.

ही तारीख नीट पाहावी. १० मोहरमला, हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू हुसेन आपल्या मूठभर साथीदारांसह मारले गेले. तो दिवस शोकाचा. आणि सोळा दिवसांनी, त्याच महिन्यात, उर्स. उर्स या अरबी शब्दाचा अर्थ लग्न. सूफींच्या मते संत मरतो तेव्हा तो आपल्या प्रियकराला, परमेश्वराला, भेटतो. मग रडायचे कशाला? आम्ही वाकीला गेलो तेव्हा महिना या दोन तारखांच्या मधोमध होता. एका बाजूला दोन कव्वाल पेटी घेऊन बसले होते आणि त्यांच्या गाण्यात पुन्हा पुन्हा मौला अलींचे नाव येत होते. भाचीने माझ्याकडे पाहिले. सुन्नी दर्ग्यात शियांच्या अलींचे नाव कसे, हे तिने न बोलता विचारले.

तिथल्या ओसरीवर बसून मी तिला जे सांगितले, ते थोडे विस्ताराने इथे मांडतो.

६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुढारीपण कोणाकडे, यावरून मतभेद झाला. जावई अली आणि त्यांच्या वंशातले इमाम हेच खरे वारस, असे मानणारे ते शिया. पैगंबरांनी एकदा अलींचा हात धरून त्यांना सर्वांचा मौला म्हटले, हे मात्र सुन्नीही मान्य करतात. भांडण आहे ते शब्दाच्या अर्थाचे. शिया म्हणतात, मौला म्हणजे धनी, नेता. सुन्नी म्हणतात, मौला म्हणजे जिवलग. आणि सूफी म्हणतात, मौला म्हणजे गुरू. आपल्याकडे आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव अशी गुरुपरंपरा सांगतात. सूफींच्या बहुतेक परंपरा, चिश्ती असो, कादरी असो, शिष्याकडून गुरूकडे मागे मागे जात अलींपाशी आणि अलींकडून पैगंबरांपाशी पोचतात. शियाला अली हवेत ते वारस म्हणून, सूफीला हवेत ते गुरू म्हणून. नाव एकच, नाते वेगळे. म्हणून वाकीच्या कव्वालाला अलींचे नाव घ्यायला शिया व्हावे लागत नाही.

ही दोन नाती जिथे एकमेकांत मिसळली ती जागा म्हणजे फारसी कविता. मौलाना रूमी (१२०७ ते १२७३) सुन्नी होते. तरी त्यांच्या ‘मसनवी’च्या पहिल्या खंडाच्या अखेरीस अलींची गोष्ट आहे. युद्धात अलींनी शत्रूला खाली पाडले, तेवढ्यात तो त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार म्यान केली. आता मारले तर देवासाठी मारले असे होणार नाही, माझ्या रागासाठी मारले असे होईल, हे त्यांचे कारण. शत्रू थक्क झाला. सूफी कवीने अलींकडून घेतले ते हे, रागावरचा ताबा.

त्याच ‘मसनवी’च्या सहाव्या खंडात मोहरमची गोष्ट आहे. सीरियातल्या हलब शहरात १० मोहरमला शिया मंडळी वेशीवर जमून रात्रीपर्यंत आक्रोश करीत. एकदा एक परका कवी तिथे आला. एवढे कोण मोठे माणूस वारले, नाव सांगा, मी शोकगीत लिहितो, असे तो विचारू लागला. लोक चिडले. तुला हुसेन माहीत नाहीत? कवी म्हणाला, ती घटना तर कधीची, बातमी तुम्हाला आज कळली का? आतापर्यंत झोपला होता काय? मग तुमच्या झोपेसाठी रडा. तो थोर आत्मा तर तुरुंग फोडून सुटला. त्याच्यासाठी हा आनंदाचा दिवस आहे.

ही गोष्ट रोखठोक आहे आणि रडणाऱ्याला ती बोचणारच. पण रूमींना करबलाची किंमत नव्हती असे कोणी समजू नये. त्यांच्याच ‘दिवान-ए-शम्स’मध्ये करबलाच्या हुतात्म्यांना प्रेमाने साद घालणारी गझल आहे. आणि रूमी स्वतः गेले तो दिवस, १७ डिसेंबर, तुर्कस्तानातल्या कोन्यात आजही लग्नाची रात्र म्हणून साजरा होतो.

रडणाऱ्यांची बाजूही फारसी कवितेत तितक्याच ताकदीने उभी आहे. सोळाव्या शतकात इराणात महतशम काशानी याने करबलावर बारा कडव्यांचे शोककाव्य लिहिले. ते आजही इराणात मोहरमला काळ्या कापडावर लिहून भिंतींवर लावतात. रडणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे. हुसेनना स्वर्ग मिळाला हे खरे, पण त्यांच्यावर अन्याय झाला हेही खरे. आपण रडलो नाही तर अन्याय करणाऱ्याच्या बाजूने झालो. तेराशे वर्षांपूर्वीची बातमी ताजी ठेवायची, ती यासाठी.

आणि या दोन्ही बाजू एकाच माणसात कशा असू शकतात, याचे उदाहरण म्हणजे हुसेन वाइज काशिफी. याने १५०२ च्या सुमारास करबलाची कथा सांगणारा ‘रौजतुश्शुहदा’ हा फारसी ग्रंथ लिहिला. शियांच्या शोकसभेत तो इतका वाचला गेला, की अशा कथनाला रौजाख्वानी हे नावच पडले. पण लिहिणारा राहत होता सुन्नी हेरातमध्ये, आणि त्याचे संबंध नक्शबंदी सूफींशी. शिया गावात त्याच्यावर सुन्नी असल्याचा संशय, सुन्नी शहरात शिया असल्याचा. सीमाभागातल्या माणसाची गत याहून वेगळी कुठे असते? करबलात कासिमच्या लग्नाचा प्रसंग, जो आपल्याकडे मोहरमात कासिम दुल्हा म्हणून ठाऊक आहे, तो याच ग्रंथातून सर्वदूर गेला. आपल्या पंचतंत्राची फारसीतली गाजलेली आवृत्ती ‘अनवार-ए-सुहैली’ हीसुद्धा याच काशिफीची.

दख्खनचा या कवितेशी संबंध जुना आहे. शिराजच्या हाफिजला गुलबर्ग्याच्या बहामनी दरबाराने बोलावणे धाडले होते. फरिश्ता सांगतो की हाफिज होर्मुजपर्यंत आला, जहाजात चढलाही, पण वादळ पाहून उतरला आणि एक गझल पाठवून घरी परतला. विजापुरात यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया खुतबा वाचवला. अहमदनगरात शाह ताहिरच्या सल्ल्याने बुऱ्हाण निजामशहा शिया झाला. विजापुरात नंतरचे राजे कधी सुन्नी, कधी शिया. राजा बदलला की खुतबा बदलायचा. गावातल्या पंज्यांना मात्र त्याचे सोयरसुतक नव्हते. ते एकदा बसले ते बसलेच. त्यांच्यापुढे सुन्नी आले, शिया आले, पाटील आले, कुलकर्णी आले.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट आमच्या बीदरची आहे. शहरापासून जवळच अष्टूरला बहामनी सुलतान अहमदशहा वलीची कबर आहे. (कारकीर्द १४२२ ते १४३६.) आत शिरून मान वर करा. घुमटाच्या आतून सोनेरी अक्षरांत फारसी कविता लिहिल्या आहेत. त्या इराणातल्या माहानच्या शाह नियमतुल्ला वली (निधन १४३१) या सूफी कवीच्या. भिंतींवर गुरुपरंपरा लिहिल्या आहेत. अलींचे नाव तर जागोजाग आहे. अहमदशहा या कवीचा भक्त होता. त्याने कवीच्या नातवाला बीदरला आणून आपली मुलगी दिली, आणि पुढे कवीचा मुलगा खलीलुल्लाही इथेच आला. त्याची चौखंडी अष्टूरच्या वाटेवर उभी आहे. माहानला कवीच्या कबरीवर जे मूळ बांधकाम झाले ते अहमदशहाच्या पैशाने, १४३६ मध्ये. म्हणजे इराणच्या वाळवंटातला तो घुमट बीदरच्या तिजोरीतून उभा राहिला.

शाह नियमतुल्ला अलींवर जीव टाकणारे, पण सुन्नी. १५०१ मध्ये इराणात सफवी राजवट आली आणि शिया पंथ राजधर्म झाला. गंमत अशी की सफवी घराणेही मुळात एका सुन्नी सूफी पिराचे. नियमतुल्लांची परंपरा त्या काळात शिया झाली. पुढे इराणात सूफींना वाईट दिवस आले, पण दख्खनमध्ये परंपरा टिकली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबादेतल्या रजा अली शाह दख्खनी या गुरूने आपला शिष्य मासूम अली शाह याला इराणला पाठवले. त्याने तिथे परंपरा पुन्हा पेटवली. ती जोरात वाढली, आणि त्याच रागातून एका शिया धर्मपंडिताच्या हुकमाने त्या शतकाच्या अखेरीस त्याला ठार करण्यात आले. शिया सूफीला शिया पंडिताने मारले. तरी परंपरा राहिली, आज इराणात नियमतुल्लाही सूफी आहेत. बीदर-हैदराबादने तीन-साडेतीनशे वर्षे सांभाळलेला दिवा इराणला परत गेला, असे म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच अष्टूरला दरवर्षी जत्रेत काय होते? गुलबर्गा भागातून जंगम चालत येतात, शंख वाजवतात, कबरीवर फुले वाहतात. लिंगायत मंडळी अहमदशहाला अल्लमप्रभूचे रूप मानतात. शिया की सुन्नी हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. विचारला तरी त्यांना तो समजणार नाही.

पुढच्या काळात मात्र हा प्रश्न विचारणारे पुष्कळ झाले. काजी नूरुल्ला शुस्तरी हा अकबराच्या काळचा शिया विद्वान. त्याने जुन्या अनेक सूफी कवींना आपल्या ग्रंथात शिया ठरवले. १६१० मध्ये, जहांगीरच्या काळात, त्याला स्वतःला मृत्युदंड झाला. दुसऱ्या बाजूने सुन्नी पंडित त्याच कवींना शुद्ध सुन्नी ठरवत राहिले. आजही हे चालू आहे, आणि ते आता पुस्तकांपुरते राहिलेले नाही. शेजारणीच्या तोंडून, फोनवर आलेल्या संदेशातून, कधी आपल्याच घरातल्या शिकल्यासवरल्या पोराकडून हाच प्रश्न येतो, “हे आपलं का त्यांचं?” उत्तर एका शब्दात मागितले जाते. ते एका शब्दात देता आले नाही की रीत सुटते. माझ्या वर्गातली मुले सांगतात, आमच्या गल्लीत पंजा बसायचा, आता बसत नाही. का, तर तो कोणाचा ते ठरेना.

मी भाचीला म्हटले, “शेजारणीचं म्हणणं खोटं नाही. मातम ही शियांची रीत. पण हुसेन एकट्या शियांचे नाहीत, आणि अली सूफींचे गुरूच आहेत. तुझ्या गावचा पंजा बसवणारे सुन्नी, नवस बोलणारी तुझी आई मराठा, रिवायत म्हणणारे कन्नड. यात एकाचं नाव कसं घालायचं? रीत ज्यांनी सांभाळली त्यांची.”

ती गप्प बसली. माझे व्याख्यान तिला पटले की नाही, कळायला मार्ग नव्हता. बोलल्या त्या तिच्या सासूबाई. इतका वेळ त्या पदर सावरून कव्वाली ऐकत होत्या. म्हणाल्या, “मामाजी, तुम्ही म्हणता न, एक रडते अन् एक लग्न लावते? आमच्या आळंदीला कार्तिकात काय होते मग? माउली समाधीत बसली, त्याला आपण सोहळाच म्हणतो. फुलं उधळतो, जेवणं घालतो. अन् कीर्तनात नामदेव महाराजांचं रडणं निघालं की सारा मंडप रडते. मी बी रडते. मग माऊलीच्या सोहळ्याला रडणारे वेगळे अन् जेवणारे वेगळे थोडेच असतात जी?”

यावर मला भर घालण्यासारखे काही उरले नव्हते. आमच्या बसवकल्याणच्या शरणांची धारणाही तीच, मरण म्हणजे महानवमी, एवढे मात्र मी बोललो. त्यांनी “असं का?” म्हणून कौतुकाने मान हलवली. पोराला मग त्यांनीच जवळ घेतले आणि त्याच्या प्रश्नाचा निकाल लावला. “आधी थोडं रडायचं, मंग चोंगे खायचे.”

परतीच्या वाटेवर ठरले ते असे. दोरा दहाव्या दिवशी उतरवायचा तो राहूनच गेला होता, पोराच्या गळ्यात तसाच होता. सासूबाई म्हणाल्या, सव्वीस तारखेला ताजबागला जाऊ, शेजारच्या बाईंनाही बरोबर घेऊ, तिथेच उतरवू. भाचीने लगेच भालकीला फोन लावला. बहिणीने तिकडून आधी विचारले, “तिथला पीर आपला नवस ऐकेल का गं?” आणि मग स्वतःच उत्तर दिले, “ऐकेल. पिरांचं आपसात ठाऊक असतं.”

मी दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी धरली. पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे, गाड्यांची ददात नाही. २६ मोहरमनंतर भाचीचा फोन आला. ताजबागेत गर्दी फार होती, दोरा शेजारच्या शिक्षिकाबाईंनीच सोडला. चोंगे सासूबाईंनी केले होते, गूळ जरा कमी पडला. पुढच्या खेपेला किती घालायचा, ते त्यांनी विहिणीकडून लिहून घेतले आहे.